निळूभाऊंची नक्कल

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनात ‘विविध गुणदर्शन’ सुरू झाले की एक नक्कल ठरलेली असते. डोक्यावर तिरकी टोपी, धोतराचा सोगा हातात आणि घशातून ओढून काढलेला घोगरा आवाज. एखादा विद्यार्थी व्यासपीठावर येतो, मान कलती करतो, मुलींच्या रांगांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो आणि म्हणतो, “बाई, वाड्यावर या.” मंडप शिट्ट्यांनी दणाणून जातो. पुढच्या खुर्च्यांवरचे प्राध्यापकही हसतात. माझ्या दोन वर्षांत दोन्ही वेळा ही नक्कल झाली आणि दोन्ही वेळा तिला ‘वन्स मोअर’ मिळाला.

यावर वार्षिक अंकात लिहायचे ठरवले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, “एवढ्यातेवढ्यावर काय लिहायचे? गंमत असते ती.” गंमत असते हे मला मान्य आहे. नक्कल ही कला आहे, आणि चांगला नकलाकार पाहताना मलाही आनंद होतो. परंतु ज्याची म्हणून ही नक्कल केली जाते त्या नटावर तिने अन्याय होतो, आणि ज्यांच्याकडे पाहून ती केली जाते त्यांच्यावरही होतो. आणि हे दोन अन्याय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे माझे मत आहे. ते पटले नाही तरी चालेल. परंतु पुढच्या संमेलनाच्या आधी त्यावर बोलणे व्हावे एवढीच इच्छा.

प्रथम त्या वाक्याविषयी. हे वाक्य निळू फुले यांच्या नेमक्या कोणत्या चित्रपटात आहे, असे मी वर्गात, वसतिगृहात आणि गावाकडे मिळून वीस-पंचवीस जणांना विचारले. चित्रपटाचे नाव एकालाही सांगता आले नाही. “असेल कुठल्यातरी,” असे सगळे म्हणाले. म्हणजे ज्या नटाने चाळीस वर्षे रंगभूमीवर आणि पडद्यावर काम केले, त्याच्या कामातून आमच्या पिढीजवळ काय उरले, तर एक वाक्य; आणि तेही कोठले ते सांगता न येणारे. आमच्यातल्या पुष्कळांनी त्यांचा एकही चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. दुपारी दूरदर्शनवर लागलेला अर्धामुर्धा पाहिलेला असतो, नाहीतर मोबाईलवरचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे. तुकड्यांत माणूस कसा मावणार?

नीळकंठ कृष्णाजी फुले हे त्यांचे पूर्ण नाव. ते पुण्याचे. तरुणपणी ते तिथल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती, पण भांडवल नव्हते. (फुले घराण्याचे मूळ आमच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, जोतीरावांच्या पूर्वजांचे आडनाव गोऱ्हे, आणि पुण्यात फुलांच्या धंद्यामुळे ते फुले झाले. निळूभाऊंचे आडनाव तेच आणि हातात कामही झाडांचेच, याची मला आपली उगीच गंमत वाटते.) राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यात काम केले. पुढे शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांचे नाव गावोगाव नेले, आणि ते पाहूनच अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात घेतले. हा चित्रपट १९६८ चा. त्यात त्यांनी झेले अण्णा रंगवला आणि मराठी पडद्याला एक नवा माणूस मिळाला.

‘चरित्र अभिनेता’ असा एक शब्द आहे. नायक-नायिका सोडून इतर वजनदार कामे करणाऱ्याला तो लावतात. पोस्टरवर त्याचा चेहरा कोपऱ्यात असतो. परंतु त्या काळातले ग्रामीण चित्रपट आज पाहिले तर नायक कोण होता हे चित्रपट संपेपर्यंत विसरायला होते, आणि कोपऱ्यातला चेहरा मात्र घरी येतो.

असे का व्हावे? मला त्याचे एक कारण त्यांच्या आवाजात दिसते. त्या काळातला हिंदी खलनायक ओरडतो. ‘शोले’ (१९७५) मधला गब्बरसिंग डोंगरकपारीत राहतो, खदाखदा हसतो, त्याच्या पायातल्या बुटांचाही आवाज होतो. तो भयंकर आहे, पण तो आपल्या गावात राहत नाही. चित्रपट संपला की तो त्याच्या डोंगरात आणि आपण आपल्या घरात. निळूभाऊ राग आला की आवाज चढवीत नाहीत, उतरवतात. शब्द लांबवतात, मध्येच थांबतात, समोरच्याला वाटते की आता बोलणे संपले, आणि तेवढ्यात उरलेला शब्द येतो. ज्याला ओरडण्याची गरजच नाही असा माणूस ते उभा करतात. आणि असा माणूस आपण पाहिलेला असतो. तो चावडीवर बसलेला असतो, पतपेढीच्या पायरीवर उभा असतो, लग्नात अक्षता पडायच्या आधी ज्याची वाट पाहतात तो असतो.

हे काम त्यांना जमले ते काही आकाशातून पडले म्हणून नव्हे. त्याला वगनाट्याची परंपरा होती, आणि ती आपल्या भागाची आहे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांमुळे. १८४३ साली तिथे ‘सीता स्वयंवर’ झाले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. परंतु याच सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, आणि सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी, यांच्याविषयी पाठ्यपुस्तक फारसे बोलत नाही. काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार केले आणि साऱ्या महाराष्ट्राला हसवले. ते हसणे नुसते हसणे नव्हते. गावात ज्याची भीती वाटते त्याला रात्रभर फडावर उभा करायचा आणि त्याचे पाणी जोखायचे, हा वगाचा धर्म. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार, पाटील. निळूभाऊ त्या धर्मातले. त्यांचा पाटील पाहून लोक हसले ते पाटलाला हसले. आमच्या संमेलनात लोक हसतात ते कोणाला? समोरच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या मुलीला. वग उलटा झाला आहे.

एका प्राध्यापकांशी मी याविषयी बोलले तेव्हा त्यांनी वेगळाच मुद्दा मांडला, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणाले, “या चित्रपटांनीच ग्रामीण महाराष्ट्राची बदनामी केली. एक पाटील, एक तमासगिरीण, एक भोळा नायक आणि एक विहीर. गाव म्हणजे एवढेच काय? आणि पाटील म्हणजे बदमाशच काय?” त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत एकाच साच्यातून असे कितीतरी चित्रपट निघाले, आणि निळूभाऊंनी त्यांतल्या पुष्कळांत तेच ते काम केले. ते सगळे चित्रपट चांगले होते असे मी म्हणणार नाही. काही तर दहा मिनिटेही पाहवत नाहीत. आणि पाटलांचे म्हणाल तर आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटील झाले, क्रांतिसिंह नाना पाटील झाले. एकाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि आमच्यासारख्यांच्या घरात अक्षर आणले. दुसऱ्याने १९४२ नंतर याच कृष्णाकाठी प्रतिसरकार चालवले. आडनावात काही नसते.

पण निळूभाऊ आडनावाविषयी बोलत नव्हतेच. थोडा इतिहास पाहिला की ते कशाविषयी बोलत होते ते ध्यानात येते. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेने चालत आलेली मुलकी पाटीलकी गेली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्याच्या आगेमागे सहकारी साखर कारखाने, सोसायट्या, बँका उभ्या राहिल्या. यातून पुष्कळ चांगले झाले, हे सातारा-सांगलीत राहून कोण नाकारील? पाणी आले, शाळा आल्या, एस. टी. आली. परंतु पुष्कळ गावांत असेही झाले की वाड्यातला माणूस वाड्यातून उठला आणि चेअरमनच्या खुर्चीवर जाऊन बसला. कायदा बदलला, खुर्ची बदलली, माणूस तोच राहिला. निळूभाऊंचा पाटील पडद्यावर आला तो १९६८ मध्ये, म्हणजे पाटीलकी कागदावर संपल्यानंतर सहा वर्षांनी. जे कागदावर संपले आहे ते गावात कसे चालू आहे, हे त्यांनी दाखवले. बदनामी कोणाची झालीच असेल तर ती या चालू राहण्याची झाली.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ‘सामना’. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, रामदास फुटाण्यांनी काढलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७४ चा. १९७५ च्या बर्लिन महोत्सवातही तो दाखवला गेला. आमच्या वर्गातल्या ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी परीक्षा झाल्यावर जरूर पाहावा. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या राज्यात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, पूर्वीचा स्वातंत्र्यसैनिक. ते काम डॉ. श्रीराम लागूंचे. हिंदुराव त्याला हाकलत नाही. आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य फिरवून दाखवतो. आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले.

या चित्रपटातला हिंदुराव पाहताना मला जी भीती वाटली ती त्याच्या दुष्टपणाची नव्हती. तो फार चांगला यजमान आहे. त्याने गावासाठी खरोखरच पुष्कळ केले आहे, आणि ते तो खोटे सांगत नाही. निळूभाऊंनी त्याचे चांगुलपण इतके खरे केले आहे की मारुती कांबळेचा प्रश्न आला की आपल्यालाच वाटते, जाऊ द्या ना मास्तर, एवढे केले आहे या माणसाने, एका माणसाचे काय घेऊन बसलात! प्रेक्षकाच्या तोंडून हे वदवून घेणे म्हणजे अभिनय. मग हळूहळू त्या प्रश्नाने तो माणूस आतून पोखरला जातो, आणि तेही निळूभाऊ ओरडून दाखवत नाहीत. या हिंदुरावाची नक्कल आजवर कोणत्याही संमेलनात झालेली मी ऐकली नाही. ती करायला टोपी पुरत नाही.

आता आज्जीचे सांगते. माझी आजी, आईची आई, वाळवा तालुक्यातली. आजोबा एका वाड्यावर सालगडी होते. गावाचे आणि वाड्याचे नाव मी लिहीत नाही. त्या घरातली मुले आज चांगली शिकलेली आहेत आणि आम्हाला भेटली की बोलतात. आजी शाळेत गेलेली नाही. आई चौथीपर्यंत. मी पदवीच्या वर्गात बसते याचे आजीला फार आहे, पण वर्गात काय शिकवतात हे ती विचारत नाही, “जेवान कुटं करती?” एवढेच विचारते.

दिवाळीत मी तिला मोबाईलवर निळूभाऊंच्या एका चित्रपटाचा तुकडा दाखवला. तिने तो हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि परत दिला. म्हणाली, “ह्यो मेला न्हवं?” मी म्हटले, हो, २००९ मध्ये गेले. ती थोडी थांबली. मग म्हणाली, “जत्रंत तंबूत बघितल्याला. आमी बायका बोटं मोडायचो त्याच्या नावानं. त्यो हसला की पोटात गोळा यायचा. खोटा वाटायचा न्हाई.”

गावोगावच्या बायका निळूभाऊंना शिव्याशाप देत, आणि ते ती आपल्या कामाची पावती मानत, हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि ज्या बाईने बोटे मोडली तिच्यासमोर बसणे वेगळे. मी तिला विचारले, “आज्जी, खरंच असं बोलवायचे का गं? वाड्यावर या म्हणून?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मला पुढे विचारवेना. मग आपणच सांगू लागली. “पाटील कशाला बोलवंल? त्येच्या तोंडाला काय काम? गडी यायचा सांगाय. ‘काकी, वाड्यावर दळाण हाय.’ ‘वैनी, वाड्यावर सारवायचं हाय.’ काम असायचंच. काम न्हाई असं कदी न्हवतं. जायचं, खाली मान घालून करायचं, आन् दिवस बुडायच्या आत घरला यायचं. दिवस बुडायच्या आत आलं की झालं.” थोड्या वेळाने म्हणाली, “गडी बी आपलाच असायचा. त्येला बी ठावं असायचं.”

मी त्यानंतर काही विचारले नाही. दिवस बुडायच्या आत जी आली नसेल तिचे काय, हा प्रश्न माझ्या मनात आला. तो मारुती कांबळेच्या प्रश्नासारखाच आहे, आणि तो विचारायला आमच्या घरात कोणी मास्तर नव्हता.

आजीच्या त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातले चित्र बदलले. आपण समजतो की संमेलनात नक्कल करणारा मुलगा पाटील होतो. तो स्वतःही तसेच समजतो. त्या दोन मिनिटांत त्याला फार मोठे झाल्यासारखे वाटत असावे. परंतु आजीच्या हिशेबाने पाहिले तर ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य पाटलाचे नाहीच. ते निरोप घेऊन येणाऱ्या गड्याचे आहे. आमच्या महाविद्यालयात वाड्यातून आलेली मुले किती आहेत? आमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा सालगडी, नाहीतर खंडकरी, नाहीतर मुंबईला गिरणीत. ज्यांच्या आज्ज्यांना तो निरोप आला त्यांचीच नातवंडे आज तो निरोप पुन्हा पोहोचवीत आहेत, आणि वाडा तर कधीच पडला आहे. ही गंमत आहे खरी, पण तिला हसू येत नाही.

आणि निरोप पोहोचतो. हे मी अंदाजाने लिहीत नाही. आमच्या गावाकडून येणाऱ्या सकाळच्या एस. टी.ने आम्ही पाच मुली येत होतो. आता चौघी येतो. स्टँडवर मोटारसायकलींवर बसलेल्या मुलांनी हे वाक्य एका मुलीला उद्देशून रोज म्हणायला सुरुवात केली. हात लावला नाही, पाठलाग केला नाही, चिठ्ठी दिली नाही. फक्त तो आवाज काढायचे. ती कोणाला काय सांगणार? तक्रार केली तर लोक म्हणणार, निळू फुल्यांची नक्कल केली, त्यात काय एवढे! तिने मधल्या सुट्टीत बाहेर पडणे सोडले, मग दुसऱ्या गाडीने येऊ लागली. ती गाडी उशिरा पोहोचते, म्हणून पहिला तास बुडू लागला. हे सगळे कोणीतरी गावात जाऊन वेगळ्याच रंगाने सांगितले. तिच्या वडिलांनी आरडाओरडा केला नाही. “झालं तेवढं शिक्षण पुरं,” म्हणाले. फेब्रुवारीत तिचे लग्न झाले. बारावीला तिला माझ्यापेक्षा अकरा गुण अधिक होते.

त्या मुलांना मी खलनायक म्हणत नाही. त्यांच्यातला एक आमच्या आळीतलाच आहे. त्याच्या आईला आठवड्याला दवाखान्यात तोच नेतो. आपण काय म्हणतो आहोत हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून देण्याचे काम महाविद्यालयाचे नाही तर कोणाचे? व्यासपीठावर टाळ्या मिळालेले वाक्य स्टँडवर गेले की त्याला गुन्हा कोण समजेल?

आणि यात सर्वांत वाईट वाटते ते निळूभाऊंचे. हा माणूस सेवा दलातला, आयुष्यभर समाजवादी विचाराचा, वाचनवेडा. डॉ. लागूंसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात भाग घेतला. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून नामवंत कलावंत नाटकाचे दौरे करीत गावोगाव फिरले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कामात होते, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीलाही निळूभाऊंचा हात होता. २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला तेव्हा निळूभाऊ नव्हते. ज्याने सगळे आयुष्य बाईला आणि गरिबाला वाड्यापासून सोडवण्याच्या बाजूने घालवले, त्याच्या आवाजात आज मुलींना वाड्यावर बोलावले जाते. एखाद्या नटाची इतकी उलटी आठवण दुसरीकडे कुठे ठेवली गेली असेल असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, एकाच प्रकारचे काम केले म्हणून असे झाले. पण तसे नाही, आपणच एक प्रकार लक्षात ठेवला. १९७२ मध्ये त्यांनी रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ केले, कमलाकर सारंगांच्या दिग्दर्शनाखाली, लालन सारंगांसमोर. सखाराम हा पाटील नव्हे, वाडा नाही, कारखाना नाही; पुस्तके बांधणारा साधा माणूस. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणून ठेवतो आणि आपल्या नियमांनी वागवतो. नाटकावर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेले. मला या नाटकाचे महत्त्व असे वाटते की वाडा लागत नाही, दोन खोल्यांतही वाडा असतो, हे निळूभाऊंनी त्यात दाखवले. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ते डोंगरातले भगत झाले. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर ते सत्तेच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले: पत्रकार दिगू टिपणीस. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी या सगळ्यांचे खेळ तो जवळून पाहतो, काहीच करू शकत नाही, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदुरावाचे मंद हसणे आणि दिगूचे ते हसणे एकाच गळ्यातले आहे यावर विश्वास बसत नाही. १९८४ च्या ‘सारांश’ या हिंदी चित्रपटात ते गजानन चित्रे झाले, मुंबईतले राजकारणी. म्हणजे धोतर गेले, शहर आले, भाषा बदलली, पण समोरच्याला दाबायची रीत तीच. १९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते वारले. मी तेव्हा अगदी लहान होते, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

नक्कल बंद करा, असा ठराव करा, असे माझे म्हणणे नाही. बंदी घातली की तीच गोष्ट मंडपाच्या मागे होते. निळूभाऊंचे स्वतःचे नाटक बंदीतून गेले. त्यांच्या नावाने बंदी मागणे शोभणारही नाही. नक्कल जरूर करावी. पण करायची तर त्यांच्या एखाद्या खऱ्या कामाची करावी, आणि आधी ते काम पूर्ण पाहावे. सांस्कृतिक विभागाने एखाद्या शनिवारी मोठ्या वर्गात ‘सामना’ दाखवला तर खर्च काहीच नाही. पडदा आणि यंत्र भूगोल विभागाकडे आहे. त्या दिवशी मुलींना पुढे आणि मुलांना मागे असे न बसवता कोणीही कोठेही बसावे, ही आणखी एक सूचना.

आम्ही चौघींनी मात्र वाट पाहायची नाही असे ठरवले आहे. पुढच्या संमेलनासाठी हिंदुराव आणि मास्तर यांचा एक प्रवेश बसवायचा आहे. चित्रपट थांबवून थांबवून संवाद उतरवून घेण्याचे काम चालू आहे. अर्धी वही भरली. हिंदुरावाचे काम मी करणार आहे. आवाज खाली आणून बोलायला फार दम लागतो, हे तालमीत कळते आहे. ओरडणे सोपे असते. आजीला एकदा फोनवर करून दाखवले तर म्हणाली, “आजून तुला राग येतोय. त्येला येत न्हवता.” त्यावर काम चालू आहे.

मास्तराच्या कामाला अजून कोणी मिळालेले नाही. मुलगा असो वा मुलगी, ज्यांना करायचे असेल त्यांनी मराठी विभागात नाव द्यावे. तालीम दुपारी तीननंतर असते, कारण आमची शेवटची गाडी साडेपाचला सुटते.